मेंदूतले डोपामिन कसे मोजतात?

दोन आजोबांची कल्पना करू या. दोघेही सत्तरीच्या आसपासचे. स्वस्थ बसले असताना दोघांचाही हात थरथरतो, चाल मंदावली आहे, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. पहिल्या आजोबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, झाला आहे. दुसरे आजोबा चक्कर येते म्हणून कित्येक महिने सिनारिझिन नावाची गोळी घेत आहेत आणि त्यांची थरथर हा त्या गोळीचा परिणाम आहे. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली तर काही महिन्यांत त्यांचा त्रास बहुधा जाईल. पहिल्या आजोबांना मात्र कायमचे उपचार घ्यावे लागतील.

बाहेरून दोघे सारखेच दिसतात. रुग्णाची हकिगत ऐकून आणि त्याला नीट तपासून डॉक्टरांना बहुतेक वेळा फरक कळतो. पण काही वेळा शंका उरते. अशा वेळी मेंदूत डोकावून डोपामिनचा कारभार कसा चालला आहे हे पाहता आले तर? अणुवैद्यकाने ही सोय केली आहे. मात्र तिथे नेमके काय मोजले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे.

ससे, सर्पगंधा आणि डोपामिन

दोन चेतापेशींच्या मध्ये अतिशय अरुंद फट असते. एक पेशी त्या फटीत एखादे रसायन सोडते आणि ते पलीकडच्या पेशीला निरोप पोचवते. डोपामिन हे असेच एक निरोप्या रसायन. मध्यमेंदूत काळपट रंगाचा एक लहानसा भाग आहे. त्याला सब्स्टान्शिया नायग्रा, म्हणजे 'काळा पदार्थ', असेच नाव आहे. तेथील चार-पाच लाख पेशी आपले तंतू मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागापर्यंत पाठवतात आणि तिथे डोपामिन सोडतात. आपल्या हालचाली सहज व्हाव्यात यासाठी ते लागते.

हे कसे कळले? आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीपासून रेसर्पिन हे औषध मिळते. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे निपचित पडले. नंतर त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन तयार होते. या संशोधनाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. स्ट्रायटममधील डोपामिन फारच घटलेले आढळले.

पण ही मोजणी मृत्यूनंतरची. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा असा काढता येत नाही. रक्त तपासूनही भागत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर आहे. डोपामिन तो ओलांडू शकत नाही, त्यामुळे रक्तातल्या डोपामिनवरून मेंदूतल्या डोपामिनचा अंदाज येत नाही.

दिवा लावलेला रेणू

यावर उपाय असा, की अडसर ओलांडू शकणारा आणि डोपामिनच्या व्यवहारात भाग घेणारा एखादा रेणू निवडायचा. त्याला किरणोत्सर्गी अणू जोडायचा आणि अत्यल्प प्रमाणात शिरेतून टोचायचा. अंधाऱ्या रात्री माणूस दिसत नाही, पण त्याच्या हातातला कंदील दिसतो. तसा हा रेणू आपला ठावठिकाणा गॅमा किरणांनी कळवतो.

पेट या तपासणीत फ्लोरीन-१८ किंवा कार्बन-११ हे अणू वापरतात. त्यांतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते आणि दोघेही नष्ट होतात. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होऊन ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवतीच्या कड्यातील समोरासमोरच्या दोन शोधकांना ते एकाच वेळी मिळाले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी तो रेणू होता हे कळते. अशा लक्षावधी रेषांवरून संगणक चित्र तयार करतो. स्पेक्ट या तपासणीत आयोडीन-१२३ किंवा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्यांतून एकेकटे गॅमा किरण निघतात. म्हणून किरणाची दिशा ठरवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे बारीक छिद्रांची शिशाची जाळी धरावी लागते.

अणूची निवड अर्धायुकालावरही अवलंबून असते. कार्बन-११ चा अर्धायुकाल २० मिनिटे, फ्लोरीन-१८ चा ११० मिनिटे, टेक्नेशियम-९९एमचा ६ तास आणि आयोडीन-१२३ चा सुमारे १३ तास. कार्बन-११ तासाभरात एक-अष्टमांश उरतो, म्हणून तो तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयाच्या आवारातच हवे. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. टेक्नेशियमचे तसे नाही. मॉलिब्डेनम-९९ भरलेल्या एका लहान उपकरणातून ते रोज 'दुहून' काढता येते. म्हणून टेक्नेशियम जोडलेले ट्रोडॅट हे स्वस्त पडणारे द्रव्य आपल्याकडील काही रुग्णालयांत वापरले जाते.

तीन ठिकाणे, तीन मोजण्या

डोपामिनचा व्यवहार तीन ठिकाणी पकडता येतो. पहिले ठिकाण कारखाना. पेशी एल-डोपापासून डोपामिन बनवते. फ्लोरीन-१८ जोडलेला डोपा टोचला तर तोही पेशीत शिरून साठतो. जितकी पेशींची टोके शाबूत, तितका साठा अधिक. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गार्नेट, फिर्नाऊ आणि नहमियास यांनी १९८३ साली या रीतीने जिवंत माणसातले डोपामिनचे केंद्र प्रथम दाखवले.

दुसरे ठिकाण परतीचे दार. निरोप पोचला की डोपामिन पुन्हा मूळ पेशीत ओढून घेतले जाते. हे काम वाहक प्रथिने करतात. आयोडीन-१२३ जोडलेले आयोफ्लुपेन किंवा वर सांगितलेले ट्रोडॅट या दारांना चिकटते. दारे जितकी अधिक, तितका ठिपका उजळ.

तिसरे ठिकाण पलीकडच्या पेशीवरील ग्राही, म्हणजे डोपामिन ज्यांवर बसते त्या जणू खुर्च्याच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या हेन्री वॅग्नर यांनी मे १९८३ मध्ये या ग्राहींचे पेट चित्रण केले. पहिला रुग्ण म्हणून यंत्रात झोपले ते स्वतःच!

वर्गात करून पाहा

ग्राहींच्या मोजणीत एक गंमत आहे. ती वर्गात दाखवता येईल. पुढे वीस खुर्च्या मांडा. दहा मुलांना लाल टोप्या द्या, ही खूण लावलेली रेणू-मुले. बाकीची बिनटोपीची मुले म्हणजे डोपामिन. प्रथम पाचच बिनटोपीची मुले बोलवा आणि सर्वांना एकदम खुर्च्या पकडायला सांगा. सगळ्या लाल टोप्यांना जागा मिळेल. आता तीस बिनटोपीची मुले बोलवून खेळ पुन्हा घ्या. बसलेल्या लाल टोप्या साधारण निम्म्या झालेल्या दिसतील.

कॅमेऱ्याला फक्त लाल टोप्या दिसतात. म्हणजे ठिपका मंद झाला याचा अर्थ डोपामिन वाढले! १९९८ साली लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा व्हिडिओ खेळ दिला गेला. कार्बन-११ जोडलेले रॅक्लोप्राइड हे द्रव्य खेळताना स्ट्रायटममध्ये कमी चिकटले. त्यावरून खेळताना डोपामिन सुटते असे अनुमान निघाले. पण थांबा. मुळात खुर्च्याच कमी असतील तरीही लाल टोप्या कमी दिसतील. म्हणूनच असे प्रयोग करताना एकाच माणसाची विश्रांतीतली आणि कृतीतली अशी दोन चित्रे ताडून पाहावी लागतात. एका चित्रातल्या एकाच आकड्यावरून काहीच ठरत नाही.

आकडा काढतानाही तुलना करावीच लागते. थोडे द्रव्य मेंदूत सगळीकडेच पसरते. म्हणून जिथे डोपामिनची दारे जवळपास नसतात असा डोक्याच्या मागचा भाग संदर्भासाठी घेतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. मागच्या भागात १० नोंदी आणि स्ट्रायटममध्ये ४० असतील, तर ४० मधून १० वजा करून १० ने भागायचे. उत्तर ३. स्ट्रायटममध्ये २० च नोंदी असतील तर उत्तर १.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम

आता आपल्या दोन आजोबांकडे वळू. दोघांनाही आयोफ्लुपेन टोचले आणि तीन ते सहा तासांनी चित्र घेतले. निरोगी मेंदूत डावीकडे व उजवीकडे एकेक उजळ स्वल्पविराम दिसतो. कंपवातात स्ट्रायटमच्या मागच्या भागातील तंतू आधी झडतात. त्यामुळे स्वल्पविरामाची शेपटी नाहीशी होऊन पूर्णविराम उरतो. ज्या हाताला थरथर अधिक, त्याच्या विरुद्ध बाजूस हा बदल सहसा अधिक असतो. पहिल्या आजोबांचे चित्र असे आले.

दुसऱ्या आजोबांचे स्वल्पविराम शाबूत आहेत. सिनारिझिन खुर्च्या अडवून बसते, त्यामुळे निरोप पोचत नाही. पण डोपामिनच्या पेशी आणि त्यांची दारे जागेवर आहेत. म्हणून गोळी बदलण्याचा सल्ला डॉक्टर निश्चिंतपणे देऊ शकतात. अर्थात गोळी थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, आपल्या मनाने घेण्याचा नव्हे.

या तपासणीत सुमारे ४ ते ५ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे हा दोनेक वर्षांचा वाटा झाला. भिण्यासारखा नाही, पण उगाच घेण्यासारखाही नाही.

तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कंपवातासारखेच दिसणारे काही वेगळे आजार आहेत. त्यांतही पेशी झडतात, आणि त्यांचे चित्र कंपवातापेक्षा वेगळे ओळखता येत नाही. काही औषधे दारांना चिकटून चित्र बिघडवतात. 'अमक्याचे डोपामिन कमी आहे म्हणून त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही' असा निकाल तर एखाद्या मुलाच्या चित्रावरून कोणालाच देता येणार नाही.

डोपामिन हा शब्द हल्ली मुलांच्याही तोंडी असतो. मोबाइल पाहिला की डोपामिन वाढते, चॉकलेट खाल्ले की वाढते, असे ती ऐकतात. पुढच्या वेळी कोणी असे म्हणाले तर त्याला विचारायला शिकवा: मोजले कोणी? कारखाना मोजला, दारे मोजली की खुर्च्या? आणि तुलना कशाशी केली?