पैसे भरून घेतलेला पासवर्ड मॅनेजर सोडताय? आधी फोनचा पिन कोणाकोणाला माहीत आहे ते मोजा

पासवर्ड मॅनेजरची वर्षाची वर्गणी संपत आली, की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि तेव्हा परदेशी कंपन्यांची कितीतरी वर्गणी भारतीय कार्डांवरून कापली जाणंच थांबलं. वैताग झाला खरा, पण एक बरं झालं. दरवर्षी गुपचूप जाणाऱ्या पैशांकडे लोकांचं लक्ष गेलं. बिल डॉलरमध्ये, आणि तेच काम फोनमध्ये फुकट होतंय असं दिसतंय. मग पैसे कशाला भरायचे?

प्रश्न रास्त आहे. बहुतेकांसाठी उत्तरही सोपं आहे: नका भरू. ॲंड्रॉइडमध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर आधीपासून असतो. आयफोनमध्ये ही सोय आधी सेटिंग्जच्या पोटात दडलेली होती, २०२४ च्या आयओएस १८ पासून 'पासवर्ड्स' हे वेगळं ॲपच मिळालं. दोन्ही पासवर्ड सुचवतात, लक्षात ठेवतात, आपोआप भरतात, चोरीला गेलेल्या यादीत तुमचा पासवर्ड सापडला तर सांगतात. पैसे भरले म्हणजे जास्त सुरक्षित, असंही काही नाही. लास्टपास या नावाजलेल्या कंपनीतून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाचं खातं कोणत्या वेबसाइटवर आहे ते उघडं होतं.

तरीपण बदल करण्याआधी थोडं थांबा. पुण्यात नोकरी, गावाकडे आईवडील आणि दोन्हीकडचे पासवर्ड एकाच माणसाच्या फोनमध्ये, अशी घरं भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) तालुक्यांत घरटी सापडतील. या घरांसाठी फोनमधला मॅनेजर चांगला आहेच, फक्त त्याचं कुलूप वेगळ्या ठिकाणी आहे. ते कुठे आहे हे न बघता सामान हलवलं तर पंचाईत होते.

कुलूप कुठे आहे?

पैसे भरून घेतलेल्या मॅनेजरला स्वतःचा एक मास्टर पासवर्ड असतो. फोन कोणाच्या हातात गेला, अगदी उघडा गेला, तरी तिजोरीला दुसरं दार असतं. फोनमधल्या मॅनेजरला असं वेगळं दार नसतं. फोनचा जो पिन किंवा पॅटर्न, तीच त्याची किल्ली. बोटाचा ठसा लावलेला असला तरी ठसा चुकल्यावर फोन शेवटी पिनच मागतो.

आता आपल्याकडे फोनचा पिन कोणाला माहीत असतो ते मोजा. बायकोला, मुलांना. गेम खेळायला येणाऱ्या पुतण्याला. स्क्रीन बदलायला फोन दिला तेव्हा दुकानदाराला 'चेक करायला' सांगितलेला असतो. वडिलांचा फोन असेल तर पिन १२३४ असतो किंवा जन्मसाल, आणि फॉर्म भरून देणाऱ्या सगळ्यांना तो तोंडपाठ असतो. यात कोणी चोर नाही. पण काल जो पिन फक्त फोटो आणि यूट्यूब उघडत होता, तोच आजपासून ईपीएफओ, आयकर, आयआरसीटीसी आणि मेलचे पासवर्ड उघडणार आहे.

म्हणून पहिलं काम फोनचा पिन बदलण्याचं. सहा आकडी घ्या आणि घरात वाटू नका. मुलाला गेम हवाच असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' शोधा. त्यात एकच ॲप उघडं राहतं आणि बाहेर पडायला पिन लागतो, असं ठरवता येतं. आयफोनवर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करा. आयओएस १७.३ पासून ते आहे, आणि ते चालू असेल तर घराबाहेर नुसत्या पासकोडवर पासवर्ड उघडत नाहीत, चेहरा किंवा ठसा लागतोच. ॲंड्रॉइडच्या काही नव्या फोनमध्ये याच धर्तीची 'आयडेंटिटी चेक' नावाची सोय आहे.

गूगलचं खातं नक्की तुमचंच आहे ना?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. फोन घेताना दुकानदारानं घाईत बनवून दिलेलं जीमेल खातं, त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, रिकव्हरी नंबर जुन्या सिमचा आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. असे फोन गावोगाव आहेत. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते, हेही लक्षात घ्या. फोन चालू आहे तोवर सगळं ठीक. फोन भाटघरच्या पाण्यात पडला, की त्या खात्यात परत शिरायचा रस्ता राहत नाही, आणि सगळे पासवर्ड त्याच खात्यात.

तेव्हा आधी गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. पासवर्ड माहीत नसेल तर आत्ताच बदला, फोन हातात आहे तोवर हे सोपं जातं. रिकव्हरी नंबर आणि ईमेल तपासा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तिथेच मिळणारे 'बॅकअप कोड' काढून घ्या. दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा आणि सातबारा-रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवलात तर उपयोग शून्य.

या कोडांचं महत्त्व पुणे-मुंबईत बसून कळत नाही. केळद, मढे घाटाच्या बाजूला किंवा वरंध घाटाच्या अलीकडच्या वाड्यांत उभे राहा आणि ओटीपीची वाट बघा. रेंज आली तर आली. मेसेज पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. बॅकअप कोडाला सिमची रेंज लागत नाही, कोणाच्या तरी वायफायवरही काम होतं. हे सगळं हलवाहलवीचं काम मात्र नसरापूर, भोर किंवा वेल्हे गावात, जिथे नेट धड चालतं तिथेच उरकून घ्या. अर्धवट राहिलं तर कोणता पासवर्ड कुठे आहे याचा घोळ होतो.

सामान हलवताना

जुन्या मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट' असतं. तिथून सीएसव्ही नावाच्या प्रकारची फाइल घ्यायची, आणि गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट' करून ती द्यायची. पाच मिनिटांचं काम.

पण ही सीएसव्ही फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत, कसलंही कुलूप नसलेले. कोणीही उघडून वाचू शकतं. ती स्वतःला व्हॉट्सॲप करू नका, मेल करू नका. काम झाल्यावर डाउनलोड फोल्डरमधून काढा, नंतर ट्रॅश किंवा रीसायकल बिनमधूनही काढा. फोनच्या फाइल्स आपोआप ड्राइव्हवर जात असतील तर तिथेही बघा.

आणि एक विनंती, हे काम महा ई-सेवा केंद्रातल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर करू नका. फाइल मागे राहण्याचा धोका आहेच, पण त्याहून मोठी भानगड क्रोमची आहे. दुसऱ्याच्या क्रोममध्ये तुम्ही खात्यानं साइन-इन केलंत आणि सिंक झालं, की तुमचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर पोचले. जुन्या मॅनेजरच्या वेळी मेल उघडला तरी पासवर्ड वेगळे राहायचे, आता ते एकाच खात्यात आहेत. तिथे कधी मेल बघायचाच झाला तर क्रोमची 'गेस्ट' खिडकी उघडून बघा आणि बंद करा.

सीएसव्हीतून सगळं येत नाही. वेबसाइट, युजरनेम, पासवर्ड आणि सोबतची टीप येते. वेगळ्या ठेवलेल्या नोंदी (लॉकरचा नंबर, पॉलिसीचे तपशील), कार्डं, जोडलेल्या फाइल्स मागे राहतात. जुन्या मॅनेजरमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड ठेवले असतील तर जास्त सावध राहा. गूगल पासवर्ड मॅनेजर ते ठेवत नाही, त्यासाठी वेगळं ऑथेंटिकेटर ॲप लागतं. प्रत्येक वेबसाइटवर जाऊन ते नव्यानं जोडावं लागतं, आणि तेही जुनं बंद करण्याआधी. ॲपलच्या पासवर्ड्स ॲपमध्ये हे कोड ठेवता येतात. पासकीही सीएसव्हीतून येत नाहीत. २०२५ च्या आयओएस २६ पासून ॲपलनं एका ॲपमधून दुसऱ्यात पासकी थेट पाठवायची सोय दिली आहे, पण समोरच्या ॲपनंही ती दिलेली हवी. नाहीतर त्या त्या साइटवर नवीन पासकी बनवा, सोपं आहे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काही पैशांच्या मॅनेजरमध्ये 'इमर्जन्सी ॲक्सेस' असतो: माणसाला काही झालं तर ठरावीक दिवसांनी घरच्याला तिजोरी उघडता येते. गूगलचं 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' फोटो-मेल देतं, पासवर्ड देत नाही. ॲपलच्या 'लेगसी कॉन्टॅक्ट'लाही पासवर्ड मिळत नाहीत. घरातला कर्ता माणूस सगळं ऑनलाइन बघत असेल तर ही उणीव मोठी आहे. घरी सर्वांना लागणारे पासवर्ड, म्हणजे वीजबिल, गॅस वगैरे, गूगलच्या फॅमिली ग्रुपमधून पाठवून ठेवता येतात. बाकी महत्त्वाच्या खात्यांची यादी (पासवर्ड नाही, नुसती यादी) घरात कागदावर असू द्या.

कोणी बदलू नये

घरात आयफोनही आहे, ॲंड्रॉइडही आहे, ऑफिसात विंडोज आहे, असा तिहेरी संसार असेल तर फोनमधला मॅनेजर कटकटीचा होतो. जमतं, पण रोज कुठेतरी अडतं. अशांनी बिटवॉर्डनचा फुकटचा प्लॅन बघावा. त्यात पासवर्डांची आणि फोनांची मर्यादा नाही आणि मास्टर पासवर्ड वेगळा राहतो. खरं तर ज्या घरात फोन एकाच हातात राहणं शक्य नाही, त्यांनाही मी हाच सुचवेन. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी किंवा तोरणा-राजगडाच्या पायथ्याशी दोन-तीन जणांत होमस्टे चालवणाऱ्यांनी गिऱ्हाइकांचे आणि धंद्याचे पासवर्ड स्वतःच्या खासगी गूगल खात्यात ठेवूच नयेत.

बदललंतच, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिलची सेवा 'गूगल' करायला विसरू नका. नाहीतर जुनं ॲपच पासवर्ड सुचवत राहतं, सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग पास मध्येच उगवतं, आणि नवीन पासवर्ड कुठे साठवला तेच कळत नाही. जुन्या ॲपची वर्गणी थांबवा, पण खातं महिनाभर राहू द्या. त्या महिन्यात आयकर, ईपीएफओ, रेल्वे, विमा अशा सगळ्या ठिकाणी एकदा लॉगिन करून बघा. जिथे अडेल तिथला पासवर्ड जुन्यातून काढा. मग जुन्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन खातं डिलीट करा. फोनमधून नुसतं ॲप काढल्यानं तुमची तिजोरी त्यांच्या सर्व्हरवरून जात नाही.