शेंडा मारायचा, पण कोणत्या पानावर?

(द्राक्षबागेचं शास्त्र : लेखांक ६)

खरड छाटणी उरकली, ओलांड्यावर फुटी आल्या, विरळणीही झाली. आता निफाड-दिंडोरीकडे जो तो विचारतोय, शेंडा कधी मारू? तारीख बघून नको, पानं मोजून मारा.

शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत राहतं, तोवर बगलेतले डोळे निजलेले. १९३०च्या दशकात थीमान आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे उडवले आणि कापल्या जागी ऑक्सिन लावलं, तर खालचे डोळे दबलेलेच राहिले. पुढे पाठ्यपुस्तकांनी सगळं श्रेय ऑक्सिनलाच दिलं. २०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या गटानं वाटाण्यावर वेगळंच पाहिलं. शेंडा गेल्यावर ऑक्सिन घटण्याआधीच डोळे हलू लागतात, कारण शेंडा ओढून घेत होता ती साखर त्यांच्याकडे वळते. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. शेंडा खादाड असतो, हे तो रोज बघतो.

द्राक्षात मात्र डोळा फुटला म्हणजे काम झालं असं नाही. आत घड हवा. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यातल्या इवल्या अंकुराचं ठरतं, घड व्हायचं की बाळी. जिबरेलिन त्याला बाळीकडे ओढतं, सायटोकायनिन घडाकडे. शिवाय डोळ्यावर ऊन पडायला हवं. मे २०२५ मध्ये ऐन उन्हाळ्यात पाऊस कोसळला, तेव्हा नाशिककरांच्या पोटात गोळा आला तो यामुळेच.

म्हणून सबकेन, म्हणजे मुख्य फूट खुडून बगलेतल्या फुटीवर काडी तयार करणं. फूट नऊ पानांची झाली की सातव्या पानावर खुडायची, मग तिथल्या बगलेतली फूट पुढे चालवायची. त्या गाठीजवळचे डोळे घडाला भरवशाचे मानतात. पण शेंडा नखानं तुटेल इतका कोवळा हवा. मजूर मिळाले नाहीत म्हणून आठवडा गेला, की हातात कात्री येते आणि चार-पाच तयार पानं मातीत पडतात. साखर करणारी पानंच गेली, तर काडी पोसायची कशावर? माझ्या मते शेंड्याच्या कामात सगळ्यात महागात पडते ती ही दिरंगाई.

फुटीचा जोम आवरायला क्लोरमेक्वाटही वापरतात. ते जिबरेलिन तयारच होऊ देत नाही. पण २०१० मध्ये त्याचेच अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. बोटांनी खुडलेल्या शेंड्याचा अंश कुठल्याच प्रयोगशाळेत सापडत नाही.

एका ओळीतल्या सगळ्या वेली सारख्या जोमाच्या नसतात, तेव्हा खुडणी एका दिवसात संपवू नका. दोन फेऱ्या करा, आणि दुसरी फेरी मागे राहिलेल्या वेलींसाठी ठेवा.