आग कशी पेटते आणि कशी विझते? म्हैसूरच्या दोन अग्निकांडांचा धडा

म्हैसूर शहराच्या इतिहासात दोन अग्निकांडे विशेष स्मरणात राहिली आहेत. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मणी यांच्या विवाहसमारंभाच्या काळात वडियार राजघराण्याचा जुना लाकडी राजवाडा भस्मसात झाला. त्यानंतर ९२ वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९८९ रोजी, याच शहरातील प्रीमियर स्टुडिओत आग लागली. ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण तेथे सुरू होते. या दुर्घटनेत ६२ जणांचा मृत्यू झाला, तर मालिकेचे प्रमुख अभिनेते संजय खान गंभीररीत्या भाजले. दोन्ही घटनांमागील शास्त्र एकच असून त्याची माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

जळतो तो वायू

आग हा पदार्थ नसून ती एक रासायनिक प्रक्रिया आहे. तिच्यासाठी इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. लाकूड पेटले असे आपण म्हणतो, मात्र ज्वाला लाकडाची नसते. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमानाला लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात, तेव्हा ज्वाला दिसते. या ज्वालेच्या उष्णतेने शेजारचे लाकूड तापते, त्यातूनही वायू निघतात आणि ही साखळी सुरू राहते. वाळलेल्या काटक्या चटकन पेटतात, कारण त्यांचा आकाराच्या मानाने मोठा पृष्ठभाग उष्णतेच्या व हवेच्या संपर्कात येतो. जाड ओंडक्याला त्यासाठी अधिक वेळ लागतो.

बंदिस्त जागेतील धोका

बंदिस्त जागेत आगीचे स्वरूप बदलते. तप्त धूर आणि न जळलेले वायू छतालगत साचतात व तेथून खाली उष्णता टाकतात. छताजवळचे तापमान ५०० ते ६०० अंशांच्या आसपास पोहोचले की खोलीतील इतर वस्तूंमधूनही ज्वलनशील वायू निघू लागतात आणि काही क्षणांत सारी खोली पेट घेते.

म्हैसूरच्या स्टुडिओतील दुर्घटनेची जी कारणे सांगितली गेली, त्यांत सैल वीजजोडण्या, मोठ्या दिव्यांची उष्णता, गोणपाटाचा वापर, वायुवीजनाचा अभाव आणि अग्निशमन साधनांची उणीव यांचा समावेश होता. हवा खेळती नसेल तर आग आपोआप विझावी, असे कोणास वाटेल. परंतु मोठ्या दालनात आगीला काही काळ पुरेल इतका प्राणवायू आधीपासूनच असतो. बाहेर पडण्यास वाट मिळत नाही ती धुराला. पुढे प्राणवायू अपुरा पडू लागला की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. त्यामुळे अनेक अग्निकांडांत ज्वालांपेक्षा धूरच अधिक बळी घेतो. धूर भरलेल्या खोलीतून वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे, असे सांगितले जाते ते याचसाठी.

एक घटक काढा, आग विझेल

तिन्हींपैकी कोणताही एक घटक दूर केला की आग विझते. पाणी प्रामुख्याने उष्णता काढून घेते. एक लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याची वाफ होताना शोषली जाते. वाळू, जाड घोंगडी किंवा फेस प्राणवायूचा पुरवठा तोडतात. म्हैसूरपासून जवळच असलेल्या बंदीपूरच्या जंगलात उन्हाळ्यापूर्वी गवत व झुडपे काढून मोकळे पट्टे राखले जातात. महाराष्ट्रात त्यांना जाळरेषा म्हणतात. तेथे इंधनच नसल्याने वणव्याला अटकाव होतो. मात्र वारा जोराचा असल्यास ठिणग्या हा पट्टाही ओलांडतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूरचा वणवा विझवण्यासाठी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले होते.

चुकीचा उपाय मात्र घातक ठरतो. पेटलेल्या तेलावर पाणी ओतल्यास ते तेलाखाली जाते, त्याची क्षणार्धात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. अशा वेळी गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे व ती निवेपर्यंत झाकण काढू नये. विजेमुळे लागलेल्या आगीवर पाणी टाकल्यास विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून प्रथम वीजप्रवाह बंद करणे आवश्यक असते.

१८९७ च्या आगीनंतर म्हैसूरमध्ये हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा उभारण्यात आला. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत लाकडाऐवजी दगड व लोखंड यांवर भर देण्यात आला. इमारतीतील इंधन कमी करण्याचा हा मार्ग होता. परंतु इमारत दगडी असली, तरी आतील पडदे, फर्निचर आणि विजेच्या तारा कायम राहतात. त्यामुळे वायरिंगची नियमित तपासणी, मोकळे जिने आणि हाताशी असलेले अग्निशामक यंत्र यांना पर्याय नाही. आग आटोक्याबाहेर जात असल्यास ती विझवत न बसता बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.