घरगुती पॉवर सप्लायला व्होल्टेज डिस्प्ले कसा जोडावा?

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या अनेकांकडे एलएम३१७ ही आयसी वापरून बनवलेला पॉवर सप्लाय असतो. नॉब फिरवला की व्होल्टेज १.२५ व्होल्टपासून वर चढते. पण नॉबभोवती पेनाने केलेल्या खुणा फसव्या ठरतात. नॉब नकळत सरकला आणि ५ व्होल्टच्या सर्किटला ९ व्होल्ट मिळाले, तर ते सर्किट जळू शकते. यावर उपाय म्हणजे तयार मिळणारा डिजिटल व्होल्टमीटर.

दोन तारा की तीन?

दोन तारांचा मीटर जे व्होल्टेज मोजतो त्यावरच चालतो. त्यामुळे आउटपुट साधारण ४ व्होल्टच्या खाली गेले की बहुतेक मीटर विझतात, ३.३ व्होल्ट दिसतच नाहीत. तीन तारांच्या मीटरला वीज वेगळी मिळते, म्हणून तो शून्यापासून मोजू शकतो.

जोडणी

सहसा लाल तार मीटरच्या विजेची, काळी ग्राउंडची आणि पिवळी किंवा पांढरी मोजण्याची असते. मोजण्याची तार आउटपुटच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि काळी निगेटिव्ह टर्मिनलला थेट जोडावी.

खरी चूक लाल तारेत होते. ती अनेकजण फिल्टर कपॅसिटरला जोडतात. ट्रान्सफॉर्मरचे एसी व्होल्टेज १.४१ ने गुणले की कपॅसिटरवरचे व्होल्टेज साधारण कळते. १८ व्होल्टचे सुमारे २५ होतात, तर २४ व्होल्टचे जवळपास ३४. अशा अनेक मीटरांची मर्यादा ३० व्होल्टच असते. १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर मध्ये ७८१२ रेग्युलेटर लावावा. २४ व्होल्टवर मात्र त्याचीही ३५ व्होल्टची मर्यादा फार जवळ येते. तिथे मीटरसाठी ५ व्होल्टचा वेगळा छोटा अडॅप्टर बरा.

काम करताना प्लग काढलेला असावा आणि कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करावी.

आकडा जुळवणे

शेवटी आउटपुटला मल्टीमीटर लावून पाहावे. फरक असेल तर मीटरच्या मागचा छोटा ट्रिमर अलगद फिरवून दोन्ही आकडे जुळवावेत.

डिस्प्लेचा आणखी एक फायदा आहे. लोड जोडताच आकडा घसरला, तर ट्रान्सफॉर्मर कमी पडतोय किंवा आयसी तापून स्वतःला आवरतेय, हे लगेच कळते.