पीएम किसानचा हप्ता नेमका कुठे अडतो?

हप्ता जमा झाल्याची बातमी आली की गावातल्या सेवा केंद्रावर गर्दी होते. शेजाऱ्याला मेसेज आला, मग मला का नाही? पारावर याची उत्तरं तयारच असतात. वरूनच बंद केलंय, यादीतून नाव उडवलंय, अमक्याला पाचशे दिले की चालू होतं. या ऐकीव गोष्टींपायी गरजू माणसाचे पैसेही जातात आणि मजुरीचे दिवसही बुडतात.

मुळात हा हप्ता म्हणजे नुकसानभरपाई नाही. गारपिटीची मदत वेगळी, पीक विमा वेगळा. पीएम किसान योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' आणून त्यात तेवढीच भर घातली. फक्त अल्पभूधारकांनाच पैसे मिळतात, असं अनेकजण अजूनही धरून चालतात. दोन हेक्टरची ती अट जून २०१९ पासून गेली. रक्कम एकरावर ठरत नाही. दोन एकर कोरडवाहूवाल्याला जेवढे मिळतात, तेवढेच वीस एकर बागायतदाराला.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे हप्ता आलाच, हाही गैरसमज. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. वेगळा संसार असलेले भाऊ सामाईक सातबाऱ्यावरही स्वतंत्र पात्र ठरू शकतात. मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेले, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील यांना लाभ नाही. अपात्र असून घेतलेले पैसे वसूल होतात. मृत व्यक्तीच्या खात्यावर आलेले हप्तेही परत मागितले जातात, म्हणून मृत्यूची माहिती वेळेत द्यावी.

आता अडलेल्या हप्त्याकडे वळू. योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती उघडली की तीन गोष्टी बघायच्या: ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याशी जोडणं). ज्याच्यापुढे 'नो' दिसेल, तिथे गाडी अडलेली असते. लँड सीडिंगसाठी सातबारा घेऊन तहसील कार्यालय गाठायचं. ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने घरबसल्या होते. राबून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचा अंगठा मशीन घेत नाही. त्यांच्यासाठी ॲपमध्ये चेहरा दाखवून पडताळणीची सोय आहे.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा होतो. अर्जात लिहिलेल्या खात्यातच पैसे येणार, असं लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात आधार ज्या बँकेशी थेट लाभासाठी जोडलेलं असतं, तिथे ते जातात. मध्येच कुणाच्या आग्रहाने दुसरं खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं, तर जुनं पासबुक कितीही वेळा भरून आणलं तरी हप्ता दिसत नाही. पैसे दुसऱ्या खात्यात पडून असतात. 'हप्ता अडलाय' म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल मात्र चुकूनही उघडू नका. अशा फायलींतून खाती रिकामी केली जातात.

एक गोष्ट गैरसमज नाही, ती या योजनेची उणीव आहे, आणि ती मला सलते. पैसा कष्टाच्या मागे जात नाही, सातबाऱ्याच्या मागे जातो. बटईने रान कसणाऱ्याला काही नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत राबणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर नसेल, तर नवऱ्यामागे तिचा हप्ताही थांबतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही, पण वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ती तारीख आड येत नाही. त्यामुळे घरात कुणी शेतकरी गेला असेल, तर वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या आणि त्यात विधवेचं नाव लागलंय, हे उताऱ्यावर स्वतः वाचून बघा.