जुन्या मोटारीतील अनोळखी आवाज

नव्या मोटारीत आवाज होऊ लागला तर मालक चिडतो. जुन्या मोटारीत झाला तर त्याच्या पोटात गोळा उठतो. आमच्या रुआबांध्यातील घरासमोर १९६४ सालची एक अँबॅसडर उभी असते. वडिलांनी घेतलेली. मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि तेव्हापासून तिचा एखादा सुटा भाग हवा झाला म्हणजे भंगारबाजार पालथा घालावा लागतो. विलायतेतील जाणकार 'व्हिंटेज' हे बिरुद १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरतेच राखून ठेवतात. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाही तो मान देऊ केला आहे. मान मिळाला तरी बेअरिंग मिळत नाही, ही गोष्ट वेगळी!

तर या गाडीतून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. फाटकातून बाहेर पडताना, वळणावर गती मंदावली असता, गुरे आडवी आली असता तो स्पष्ट ऐकू येई. मोठ्या रस्त्याला लागले की नाहीसा होई. एका गॅरेजात दाखविली, तेव्हा निदान झाले की कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले आहे, इंजिन उतरवून उघडावे लागेल. याचा अर्थ मी जाणून होतो. साठ वर्षांचे इंजिन उघडले म्हणजे एका दोषाऐवजी दहा दोष हाती येतात, आणि खर्चाचा आकडा पाहून पुष्कळ मालक गाडी तशीच भंगारात देतात.

भिलाईत राहण्याचा एक फायदा असा की, येथे यंत्राचा आवाज ओळखणारी माणसे गल्लोगल्ली आढळतात. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावाच्या कित्येक पिढ्या फिरत्या यंत्रांना कान लावून वाढल्या. आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांनी बॉनेट उघडलेही नाही. "आवाज केव्हा येतो ते राहू द्या," ते म्हणाले, "केव्हा येत नाही ते सांगा."

या प्रश्नात सारे शास्त्र आले. मोटारीत फिरणारे भाग अनेक, परंतु ते एकाच गतीने फिरत नाहीत. ताशी ३६ किलोमीटर वेगाने टॉप गिअरात चाललेली अँबॅसडर घ्या. ती सेकंदाला दहा मीटर जाते. टायरचा परीघ सुमारे दोन मीटर, म्हणून चाक सेकंदाला पाच फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या बरोबरीने इंजिनाचा क्रँकशाफ्ट याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे बावीस-तेवीस फेरे घेतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे. म्हणून टकटक कोणत्या लयीत चालली आहे हे कळले की, ती कोणत्या घराण्यातली आहे हेही कळते.

प्रथम आम्ही गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन मंद आणि जलद फिरविले. आवाज नाही. फिटरमहाशयांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरली. घन धातूतून ध्वनी हवेतल्यापेक्षा स्पष्ट पोचतो. टॅपेटची नेहमीची किरकिर तेवढी होती. मग एकेका प्लगची तार काढून पाहिली. रॉडचे बेअरिंग झिजलेले असेल, तर त्या सिलिंडरातील स्फोट बंद होताच पिस्टनवरचा दाब जातो आणि ठोका मऊ पडतो. येथे काहीच फरक पडला नाही, कारण मुळात ठोकाच नव्हता. त्यानंतर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, इंजिन बंद. आवाज हजर! इंजिन आणि क्लच यांची तेथल्या तेथे निर्दोष मुक्तता झाली. मला तर हायसे वाटले. गृहस्थ मात्र गंभीर झाले.

ठोके मोजले, ते चाकाच्या फेऱ्यांबरोबर पडत होते. मग वेग वाढताच आवाज का थांबावा? झिजलेले बेअरिंग वेगाबरोबर अधिक ओरडते, गप्प बसत नाही. याचे उत्तर आपल्या विहिरीवरच्या बालपणात आहे. पाण्याने भरलेली कळशी दोरीला बांधून जोराने गरगर फिरविली तर पाणी सांडत नाही; हळू फिरविली तर डोक्यावर येते. चाकाच्या मध्यावर चकचकीत व्हीलकॅप असते. तिच्या आत काही सुटे पडले असेल, तर मंद गतीत ते थोडे वर चढून पुन्हा खाली कोसळणार. वेग वाढला की काठाला चिकटून फिरणार. हिशेब केला. कॅपची त्रिज्या सुमारे बारा सेंटिमीटर धरली, तर चाकाने सेकंदाला दीड फेऱ्याच्या आसपास गती घेतली की वस्तू चिकटते. म्हणजे गाडीचा वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर. आमचा आवाज नेमका तेथेच थांबत होता.

डाव्या बाजूच्या मागच्या चाकाची कॅप स्क्रूड्रायव्हरने उचकटली, तो एक नट टणकन् ओट्यावर पडला. खडा असता तर हसून सोडून दिले असते. हा चाक धरून ठेवणाऱ्या नटांपैकी एक होता, आणि उरलेल्यांपैकी आणखी दोन हाताने फिरत होते. याच गाडीतून आदल्या आठवड्यात आम्ही मुलाबाळांसह राजनांदगावला जाऊन आलो होतो.

नटाचे आटे शाबूत होते. तो बसविला, सारे नट आळीपाळीने, समोरासमोरचे, असे आवळले. मग इतर तीन चाकांच्या कॅपा काढून तेच केले. पुढे थोडे अंतर गाडी चालवून पुन्हा एकदा पाना लावून पाहिला. आता फाटकातून निघताना टॅपेट तेवढे ऐकू येतात.