शब्दकोड्याचे अंतरंग (लेखांक ५) : वारीत घातलेला उलटा हात

मागील लेखांकाच्या अखेरीस वाचकांसाठी एक सूत्र दिले होते : 'वारीत उलटा हात घालून निघालेला पंढरीचा वाटसरू (४)'. कंसातील आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. साध्या शब्दकोड्यात सूत्र म्हणजे केवळ शब्दाचा अर्थ असतो, आणि तो वाचून उत्तर एकतर आठवते किंवा आठवत नाही. परंतु इंग्लंडमध्ये १९२० नंतरच्या दशकात आकाराला आलेल्या 'क्रिप्टिक', म्हणजे कूट, शब्दकोड्यात साधारणपणे प्रत्येक सूत्र दोन तुकड्यांचे असते. एक तुकडा उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा ते उत्तर कोणत्या अक्षरांतून आणि कोणत्या क्रियेने घडते ते सांगतो, आणि दोन्ही मिळून असे एक वाक्य होते की त्यात तिसरेच काहीतरी म्हटले आहे असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. या लेखमालेत पहिल्या तुकड्याला 'अर्थभाग' आणि दुसऱ्याला 'घडणभाग' म्हटले आहे.

वरील सूत्र प्रथम वाचताना डोळ्यांपुढे दिंडी उभी राहते, आणि कोणीतरी हात उलटा धरून चालला आहे असे काहीसे चमत्कारिक चित्र दिसते. हे चित्र पुसणे हीच उकलीची सुरुवात होय. अर्थभाग सूत्राच्या आरंभी किंवा शेवटीच असतो, मध्ये कधीच नसतो, असा संकेत असल्याने सोडवणाऱ्याने दोन्ही टोके तपासून पाहावीत. आरंभीच्या 'वारीत' या सप्तमीच्या रूपातून स्वतंत्र अर्थ निघत नाही; शेवटचे 'पंढरीचा वाटसरू' मात्र सरळ एखाद्या व्यक्तीचे वर्णन आहे, तेव्हा तोच अर्थभाग धरावा. मग 'वारीत उलटा हात घालून' एवढा घडणभाग उरतो. यातील 'हात' हा शब्द जसाच्या तसा घ्यायचा नसून त्याचा पर्याय घ्यायचा आहे, आणि संस्कृतातून मराठीत आलेला 'कर' हा पर्याय दोन अक्षरांचा असल्याने सोयीचा ठरतो. 'उलटा' हा इशारा-शब्द, म्हणजे अक्षरांवर कोणती क्रिया करायची ते सुचवणारा शब्द, असल्याने 'कर'चे 'रक' होते. 'घालून' हा दुसरा इशारा-शब्द; 'वारी' या शब्दाच्या दोन अक्षरांमध्ये 'रक' घातले की 'वा-रक-री', अर्थात 'वारकरी' हे उत्तर तयार होते. राहता राहिलेला 'निघालेला' हा शब्द दोन्ही तुकड्यांना सांधतो : वाक्याच्या वरवरच्या अर्थात तो 'वाटेला लागलेला' असा वाचला जातो, आणि घडणीच्या दृष्टीने 'यातून बाहेर पडलेला' असा.

सूत्र चांगले असले तरी निर्दोष नाही. घडणभागातील 'वारी' आणि उत्तरातील 'वारकरी' हे एकाच कुळातले शब्द असल्याने 'वारीत' एवढे वाचताच चाणाक्ष सोडवणारा घडणीच्या वाटेला न जाता थेट उत्तरावर उडी मारतो, आणि कोडेकाराची निम्मी मेहनत वाया जाते. इंग्रजी कोडेकारांमध्ये हा आळशीपणा समजला जातो, आणि तो समज योग्यच आहे.

अशा दोषांची चर्चा करणारे शास्त्र इंग्लंडमध्ये हळूहळू घडत गेले. आर्थर विन यांनी पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या अमेरिकन वृत्तपत्रात छापले, तेव्हा त्यातील सूत्रे केवळ अर्थ सांगणारी होती. पुढे लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकात १९२६ पासून 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी येऊ लागली, आणि त्यांत साध्या अर्थसूत्रांना जवळजवळ रजाच मिळाली. स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव धारण करणारे हे गृहस्थ म्हणजे एडवर्ड पॉइस मॅदर्स. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे त्यांनी इंग्रजीत केलेले मुक्त रूपांतर प्रसिद्ध आहे, त्यामुळे संस्कृत काव्याशी परिचय असलेल्या वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डी. एस. मॅकनट या अभिजात भाषांच्या शाळाशिक्षकाने 'झिमेनिस' या दुसऱ्या धर्मन्यायाधीशाच्या नावाने ती जागा घेतली, आणि १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' या नावाने ती चालवली. हे तिसरे नाव 'देझा' या आणखी एका धर्मन्यायाधीशाच्या नावाची रोमन अक्षरे उलटी करून बनवलेले आहे, म्हणजे सही हेच एक छोटेसे कोडे.

टॉर्केमाडाची सूत्रे चतुर असली तरी पुष्कळदा सैल असत. उत्तर सापडल्यावरही तेच बरोबर का, याची खात्री पटत नसे. 'ॲफ्रिट' या टोपणनावाच्या कोडेकाराने १९४९ मध्ये यावर एक कसोटी मांडली. तिचा आशय असा, की कोडेकाराच्या मनातला अर्थ वाक्यातून वरवर दिसणाऱ्या अर्थाहून खुशाल वेगळा असावा, परंतु तो मनातला अर्थ त्याने लिहिलेल्या शब्दांतून काटेकोरपणे निघालाच पाहिजे. झिमेनिस यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात याच न्यायाचे सविस्तर नियम केले : सूत्रात अर्थभाग, घडणभाग आणि त्यांना जोडणारा आवश्यक तेवढाच दुवा असावा, त्यापलीकडे एकही शब्द नसावा. फसवणूक ही वाक्याच्या चेहऱ्यात असावी, व्याकरणात नव्हे, असे या साऱ्या खटाटोपाचे सार सांगता येईल. पुढील काळात काही लोकप्रिय कोडेकारांनी हे नियम सैल केले. 'गार्डियन' मधील 'अरॉकेरिया', म्हणजे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम, हे त्यांतील सर्वांत लाडके नाव होते.

न्याय्य आणि सदोष कूट यांतील हा भेद भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे, म्हणजे शब्दकूटाचे, १६ प्रकार सांगितले असून प्राचीनांनी दुष्ट प्रहेलिकाही वेगळ्या मोजल्याची नोंद केली आहे. रसिकांच्या गोष्ठीतील करमणूक, गर्दीत जाणत्यांनी करायचे गुप्त भाषण आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे, असे तिचे उपयोग तो सांगतो. त्याच्या प्रकारांपैकी 'समागता' ही शब्दांच्या सांध्यात अर्थ लपवते, तर 'वंचिता' ही रूढ अर्थाचा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरून चकवते. वर 'निघालेला' या शब्दाने केले ते वंचितेचेच काम. त्याचप्रमाणे शब्द न तोडता दोन अर्थ देणारा अभंग श्लेष आणि तोडून दुसरा अर्थ काढणारा सभंग श्लेष हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला क्रिप्टिक कोड्याच्या दोन मोठ्या युक्त्या आधीच अवगत आहेत. 'मळ्यात वाहतो, पंगतीत मांडतात (२)' या सूत्राचे उत्तर 'पाट', आणि तो अभंग श्लेष होय. ज्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत दडलेले असते त्या कूटाला संस्कृतात 'अंतर्लापिका' म्हणतात. 'निगा जर राखली, तर आत सापडते खाण्याजोगे मूळ (३)' हे तिचे मराठी उदाहरण म्हणून घेता येईल. 'निगा जर' यात 'गाजर' सलग अक्षरांनी उभे आहे. मात्र 'राखली' या शब्दाचे घडणीत काहीच काम नसल्याने झिमेनिस यांनी त्यावर नक्की लाल रेघ ओढली असती.

खरी अडचण येते ती अक्षरांच्या उलटापालटीपाशी. इंग्रजी कोड्याच्या एका घरात एक वर्ण बसतो, आणि वर्ण विस्कटून नवा शब्द करणे ही तेथील सर्वांत वापरातली युक्ती आहे. मराठी कोड्याच्या घरात मात्र स्वरासह पूर्ण अक्षर बसते. 'बिघडलेली खबर म्हणजे जुना इतिहास (३)' हे सूत्र निर्वेध चालते, कारण 'खबर' आणि 'बखर' यांत तीच तीन अक्षरे आहेत. पण 'बिथरलेला नवरा म्हणजे माकड (३)' याचे उत्तर 'वानर' मानायचे का? सुटे वर्ण मोजले तर हिशेब चोख जुळतो, कारण दोन्ही शब्दांत न्, व्, र्, दोन ऱ्हस्व 'अ' आणि एक 'आ' आहेत; अक्षरे मोजली तर 'रा'चा काना 'व'ला कोणी दिला, असा प्रश्न उरतो. काना-मात्रा व्यंजनापासून सुटू शकतात की नाही, हे मराठी कोडेकाराने कोड्याच्या माथ्यावरच जाहीर केले पाहिजे, कारण एकाच कोड्यात कधी हा तर कधी तो नियम लावणे हे ॲफ्रिटच्या कसोटीवर अपात्र ठरते. सामान्यरूपाची अडचण याहून चिवट आहे : 'एक मळकट' यात 'कमळ' सुरेख लपते, पण पुढे 'तुकड्यात' म्हणावे तर 'एका मळकट' असे करावे लागते आणि 'क'चा 'का' होऊन फूल नाहीसे होते.

उलटपक्षी सोडवणाऱ्याला अक्षरांच्या घरांचा फायदाही होतो. इंग्रजीत आडव्या शब्दातून उभ्या शब्दाला मिळालेले घर २६ पैकी एक वर्ण सांगते, तर मराठीत तेच घर बाराखडीतील चारशेच्या आसपास अक्षरांपैकी एक नक्की करते, म्हणून 'वारकरी'चे केवळ शेवटचे 'री' हाती लागले तरी पर्याय झपाट्याने कमी होतात. याच कारणाने जाळी विणणाऱ्याचे हाल होतात. एकमेकांना छेदणारे लांब शब्द सहज सापडत नाहीत, आणि काळी घरे वाढवावी लागतात. जाळीच्या रचनेचा विचार पुढील लेखांकात येईल. तोपर्यंत वाचकांसाठी सभंग श्लेषाचे एक सूत्र : 'गाढवाशेजारी राहा, म्हणजे मिळेल गोड वडी (४)'.